काय काय पाहिलंत?

नलू निजामपूरकर नऊ दिवसांत सात देश करून आली.
तिच्या मोबाइलमध्ये आयफेल टॉवर तीनदा आहे,
एकदा तिच्याशिवाय.
जिन्यातच गाठलं तिनं मला,
काय काय पाहिलंत हो इटलीत?

लुक्का.
आणि?
लुक्काच.
पाच दिवस एकच गाव? तिनं पिशवी खाली ठेवली,
म्हणजे आता अर्धा तास.

काय सांगणार हिला.
शलाकानं खोली घेतली होती चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
यांचे गुडघे आणि माझी धाप,
कार्यक्रम त्या दोघांनीच ठरवला.
सकाळी एक गल्ली. दुपारी झोप. संध्याकाळी तट.
तट आपल्या शनिवारवाड्यासारखा नव्हे,
सबंध गावाला वळसा घालतो, आणि वर इतका रुंद
की दुतर्फा झाडं, मधून सायकली,
म्हातारी जोडपी हातात हात घालून, कुणी हसत नाही.
आम्हीही घातला.
दुसऱ्या दिवशी.

एका मनोऱ्याच्या डोक्यावर झाडं होती,
खरीखुरी, मातीमुळांसकट. लोक तिकीट काढून बघायला चढतात.
आपल्या गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवला
तर सोसायटीची दोन वर्षं मीटिंग चाललीये.

चौकाचौकात चर्च.
सगळे मान वर करून संगमरवर बघत होते,
हेही मान वर करून.
मला वाटलं, चला, रमले.
पण यांची नजर छपराच्या कडेला, पन्हळीवर.
तांब्याची आहे, म्हणाले.
मग शेजारच्या घराची. मग त्याच्या पुढची.
म्हणजे गावाचं सगळं पावसाचं पाणी
तांब्यातून खाली येतं.
एका बोळात भिंतीवरून उतरलेल्या नळाला यांनी हात लावला,
टिचकी मारली, मग कान टेकवला,
शलाका तापात असली की तिच्या छातीला टेकवायचे तसा.
बावीस गेज असेल. सांधा बघ, जीव लावून केलाय कुणीतरी.
वरच्या खिडकीतून एक बाई काहीतरी बोलली,
रागानं की कौतुकानं, कळलं नाही.
हे चक्क मराठीत म्हणाले,
आम्ही पुण्याचे. तांबट.
तिनं खिडकी लावून घेतली नाही.

ठोका कुठे ऐकू येत नाही गं इथे,
असं एकदाच म्हणाले, तिसऱ्या रात्री.
मी म्हटलं, आपल्याकडे तरी कुठे येतो?
आळीत हातोडे उरले किती,
आणि बंब तर लग्नाच्या हॉलात
झेंडू भरून ठेवायला भाड्यानं जातात.
ते कुशीवर वळले.
मी बराच वेळ दिवा घालवला नाही.

हे जिन्यात उभ्या उभ्या कसं सांगायचं?
छान होतं, म्हटलं. शांत.
फोटो?
आहेत ना. छप्पन्न पन्हळी.
एकात माझी अर्धी वेणी.

मग पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला
तांबट आळीत ठोके सुरू झाले.
हे. दुकानात. पत्रा पुढ्यात घेऊन.
आमच्या खिडकीपुरताच तुकडा, पीव्हीसी कापून बसवायचा,
पण मठारकाम असं
की उन्हात मासळीचे खवले.
नलू म्हणाली, चोरीला जाईल हो, आठवडा नाही टिकणार.
खालचे रहाळकर म्हणाले, अर्ज दिलात का सोसायटीला?
यांनी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात.
बदलाचे कारण या रकान्यात: पाणी.

हिरवी कधी होईल हो? मी विचारलं.
शिडीवरून खाली न बघता म्हणाले,
धर वीसेक वर्षं. आपली हवा कोरडी.
यांना एकाहत्तरावं चालू आहे.
धरते, म्हटलं,
आणि शिडी धरली
दोन्ही हातांनी.